मिठाच्या खिडकीवरच्या बाई

बाईंना नोकरी मिळाली ती तळहातांच्या जोरावर. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. शाळा संपवलेली, टायपिंग येत नव्हतं, कोणाची ओळख नव्हती. मुलाखतीला सहा जण आले होते. रसायनाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी कोणालाही काही विचारलं नाही. खणातून त्यांनी काचेसारख्या दिसणाऱ्या काही टाकाऊ चकत्या काढल्या आणि एकेकाच्या तळहातावर एकेक चकती मिनिटभर ठेवली. त्या काचेच्या नव्हत्या. मिठाच्याच जातीच्या एका क्षाराचा स्फटिक कापून, घासून केलेल्या होत्या. घाम लागला की तो स्फटिक विरघळतो आणि दुधट होतो. पाच जणांच्या चकत्या धुरकट झाल्या. त्यांतल्या एकाने घाबरून ती शर्टाला पुसली, तर आणखीच वाट लागली. बाईंच्या हातावरची चकती जशी ठेवली तशी परत आली.

"सोमवारपासून या," सर म्हणाले.

"काम काय आहे?"

"हेच."

मी त्याच इमारतीत तळमजल्यावर काचकाम करायचो. प्रयोगशाळांना लागणाऱ्या नळ्या, तोट्या, वाकडेतिकडे सांधे ज्योतीवर फुंकून द्यायचो. बाईंच्या यंत्राची सगळी काच माझ्या हातची. त्यामुळे त्यांच्या खोलीत काही बिघडलं की त्या आधी जिना उतरून माझ्याकडे यायच्या. असं चौतीस वर्षं चाललं. म्हणून हे सांगायचा अधिकार मला आहे असं मी समजतो. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते त्यांनी नंतर सांगितलेलं आहे, आणि बाई पदरचं काही घालून सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सरांचं काम समजायला सोपं होतं, करायला अवघड. रसायनांच्या क्रियेत सुरुवात दिसते आणि शेवट दिसतो. मधल्या मधे काही रेणू तयार होतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या कोणाशी तरी जुळून नाहीसे होतात. ते पाहायचे तर त्यांना आहेत तिथे गोठवावं लागतं. मूळ द्रव्य लालबुंद तापलेल्या नळीतून सोडायचं. तिथे ते मोडतं. मोडलेले तुकडे आर्गॉन वायूच्या लोंढ्याबरोबर समोरच्या थंड चकतीवर जाऊन आदळतात. या चकतीलाच सगळे खिडकी म्हणत. ती असते शून्याखाली दोनशे त्रेसष्ट अंशांवर. आर्गॉन हा कोणाच्या अध्यात ना मध्यात असा वायू. त्याचा तिथे बर्फ होतो आणि त्या बर्फात एकेक तुकडा एकटा अडकून पडतो. मग खिडकीतून अवरक्त किरण आरपार सोडायचे. प्रत्येक जातीचा रेणू आपल्या ठरलेल्या जागी थोडे किरण गिळतो, आणि आलेखावर तिथे एक टोक उमटतं. त्या टोकाला इंग्रजीत पीक म्हणतात, म्हणून आमच्याकडेही पीकच.

या शब्दाने बाईंच्या घरी बरीच करमणूक झाली. "आज पीक कसं आलं?" सासूबाई विचारायच्या.

"बरं आलं."

"एवढी वर्षं तुमच्याकडे पीक येतंय, आणि घरी एक दाणा आणला नाहीस."

बाईंचे यजमान फ्रिज दुरुस्त करायचे. त्यांचं छोटं दुकान होतं. आमचा फ्रिज उणे अठरा, हिचा उणे दोनशे त्रेसष्ट, तेव्हा घरात वरचढ कोण ते सांगायला नको, असं ते चारचौघांत म्हणायचे. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

सासूबाई बाईंना कोरडी म्हणायच्या, आणि ते तळहातांवरून नव्हे. सासरे गेले तेव्हा बाई रडल्या नाहीत. डॉक्टरांकडून दाखला आणला, नातलगांना कळवलं, आलेल्यागेलेल्यांचं पाहिलं आणि चौथ्या दिवशी कामावर आल्या. "डोळ्यांत टिपूस नाही हो हिच्या," असं सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, स्वयंपाकघरात बाईंना ऐकू जाईल इतक्याच हळू.

बाईंचं काम म्हणजे खिडक्या घासणं, पंपांचं तेल बदलणं, गळत्या शोधणं आणि वही लिहिणं. खिडकी घासायची तर ओल्या रेशमी कापडावर बारीक भुकटी घ्यायची, चकती आठाच्या आकड्यासारखी फिरवायची आणि श्वास बाजूला सोडायचा. तोंडाची वाफ लागली तरी खिडकी मळते. सर्दी झाली की बाई खिडकीला हात लावत नसत. वहीत त्या सगळं लिहायच्या: कितवी खिडकी, कोणी घासली, आत दाब किती, तापमान किती, किरणांच्या वाटेवरची झडप कधी उघडली, कधी बंद केली, कोणतं रबर बदललं. अक्षर मोठं आणि थोडं मागे झुकलेलं. सर एकदा म्हणाले होते, एवढं लिहायची गरज नाही. बाईंनी तेही लिहून ठेवलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

त्यांच्या नोकरीच्या सातव्या वर्षी एक प्रकरण झालं. सरांना आलेखावर तीन नवी पिकं दिसली. कुठल्याच ओळखीच्या रेणूची नव्हती. सर हरखून गेले. परिषदेत बोलून आले, लेख पाठवला, तो छापूनही आला. इकडे बाई एका दुपारी मागची वही चाळत बसल्या होत्या. पिकं पहिल्यांदा दिसली त्याच आठवड्यात त्यांनी वायूच्या नळीची रबरी कडी बदलली होती. ती धुवायचं नेहमीचं द्रव संपलं होतं म्हणून स्टोअरने दुसऱ्याच बाटलीतलं दिलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी कोणाला न सांगता मूळ द्रव्य न घालता नुसता आर्गॉन सोडला. तिन्ही पिकं जागच्या जागी हजर. रबराने ते द्रव पिऊन ठेवलं होतं आणि थोडं थोडं सोडत होतं.

त्या आलेख घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. सरांनी तो पाहून टेबलावर ठेवला.

"तुम्ही सांगितलं नसतं तर?"

"दुसऱ्या कोणीतरी वर्षभरात सांगितलंच असतं, सर."

सरांनी लेख मागे घेतला. छापलेला लेख मागे घेणं म्हणजे भर बाजारात आपल्याच थोबाडीत मारून घेणं. त्यांनी बाईंना काढलं नाही, त्यांच्यावर आवाजही चढवला नाही. पण त्यानंतर प्रयोगशाळेत काहीही चुकलं की सर पहिला प्रश्न विचारायचे, "रबर पाहिलं का?" पुढे पुढे ती आमच्या विभागात म्हणच झाली. कोणाची छत्री हरवली तरी लोक म्हणायचे, रबर पाहिलं का. बाई हसायच्या नाहीत आणि रागवायच्याही नाहीत. जाऊन रबर पाहायच्या.

अठरा वर्षं अशी गेली. बाई एकोणपन्नास वर्षांच्या झाल्या. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या वर्षी सरांकडे डॉक्टरेटसाठी एक मुलगी आली. बोलणं भरभर, चालणं भरभर, म्हणून आम्ही तिला चिमणी म्हणायचो. तिने स्वतः तयार केलेलं एक द्रव्य आणलं होतं. ते तापलं की मोडून एक असा तुकडा निघायला हवा होता, जो तोवर कोणी पाहिला नव्हता. पहिल्याच आठवड्यात तो निघाला. पीक स्वच्छ, उंच, एकटं. सरांनी रबर पाहायला सांगितलं. बाईंनी पाहिलं. नुसता आर्गॉन सोडून पाहिला. यावेळी काही आलं नाही. पीक खरं होतं.

त्याच महिन्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण तीन महिने अंथरुणातून उठायचं नाही असं ठरलं. दुपारी त्यांना जेवू घालायचं, कूस बदलून द्यायची, औषध द्यायचं. आठवड्यातून दोन दिवस यजमानांचं दुकान दुपारी बंद असायचं, तेव्हा ते पाहायचे. उरलेले दिवस बाईंचे. त्यांनी सरांकडे बारा ते दीड अशी सवलत मागितली आणि सरांनी दिली.

या सवलतीने सगळं घडलं. तोवरचा रिवाज असा, की सकाळी खिडकीवर बर्फ जमवायचा, आलेख घ्यायचा, लगेच दिवा लावून रेणूवर प्रकाश सोडायचा, पुन्हा आलेख घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत यंत्र मोकळं करायचं. खिडकीवरचा माल थंडीत नुसता ठेवून कोणी उठून जात नसे. ठेवायचा कशाला? उणे दोनशे त्रेसष्टला काही घडतच नाही, हे पुस्तकात होतं. आता मात्र बाई पावणेबाराला आलेख घ्यायच्या, झडप बंद करायच्या, बघायच्या काचेवर काळं फडकं टाकायच्या आणि सायकल काढायच्या. दीडला परत आल्या की दिवा लावण्याआधी माल जसाच्या तसा आहे ना, एवढं पाहायला पुन्हा एक आलेख.

पहिल्या दिवशी दीडच्या आलेखावर चिमणीचं पीक निम्म्याच्या जरा खाली आलं होतं. बाईंनी वहीत लिहिलं, बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिमणीला बोलावून दोन्ही आलेख एकावर एक ठेवून दाखवले.

"ताई, माझं पीक कुठे गेलं?"

"मी जेवायला गेले तेव्हा होतं."

सोमवारच्या बैठकीत चिमणीने हे मांडलं. बैठकीला आठ जण होते. मीही होतो, कारण यंत्राला एक नवी नळी बसवायची होती. सरांनी आलेख पाहिले आणि चष्मा काढला.

"दुपारी बाई घरी जातात. यंत्र एकटं असतं. कुठेतरी हवा शिरत असणार, नाहीतर खिडकी थोडी गरम होत असणार. बाई, रबर पाहिलं का?"

कोणीतरी हसलं. ती म्हण ऐकली की हसायची सवयच होती.

"पाहते," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्या घरी गेल्या तेव्हा सासूबाईंनी घास घेता घेता विचारलं, "आज तोंड का असं?"

"कामावर माझ्यावर आळ आलाय. माझ्या हलगर्जीने बिघडलं म्हणतात."

"केलायस का हलगर्जीपणा?"

"नाही."

"मग पुढचा घास दे." आणि थोड्या वेळाने, कुशीवर वळता वळता, सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तू खोटं बोलायची नाहीस. खोटं बोलायलाही अंगात थोडा ओलावा लागतो."

बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण सांगितलं, हे महत्त्वाचं. तोवर त्यांनी घरातलं मला काही सांगितलेलं नव्हतं.

आम्ही दोघांनी तीन दिवस गळती शोधली. माझाही जीव त्यात होता. गळती असती तर बहुतेक माझ्या काचेत असती. एकेका सांध्यावर बाहेरून हेलियमची फुंकर मारायची आणि आतलं मापक हलतं का ते पाहायचं. मी फुंकर मारायचो, बाई काट्याकडे पाहायच्या. त्रेचाळीस सांधे होते. काटा हलला नाही. रबरी कड्या सगळ्या बदलल्या. तरीही दीड वाजता पीक निम्म्याच्या जरा खाली.

चौथ्या दिवशी बाई खाली आल्या आणि माझ्या टेबलावर अकरा दिवसांचे आलेख पसरले.

"हे पाण्याचं पीक. हवा शिरली तर हे आधी वाढतं. वाढलंय का?"

"नाही."

"खिडकी गरम झाली तर सगळ्यांचंच काहीतरी हलतं. इथे बाकी सगळे जागच्या जागी. हे एकटं उतरतं, आणि इकडे हे दुसरं, तेवढंच चढतं."

"मग याचा अर्थ काय?"

"अर्थ मला कसा कळणार? गळती नाही, एवढं मला कळतं."

मग त्यांनी वही उघडली. त्या अकरा दिवसांत खिडक्या तीन वेगवेगळ्या होत्या. दोनदा पंप बदललेला होता. एक दिवस थंड करणारं यंत्र कुरकुरत होतं म्हणून तापमान चार अंश वर होतं. आणि यजमानांची पाळी होती त्या तीन दिवशी बाई घरी गेल्याच नव्हत्या, तिथेच बसून त्यांनी दर दहा मिनिटांनी आलेख घेतले होते. सगळ्या दिवशी उतार एकच. एक तास चाळीस मिनिटांत पीक निम्मं. त्या यंत्रापाशी होत्या तेव्हाही, सासूबाईंपाशी होत्या तेव्हाही.

"हे सरांना दाखवा," मी म्हणालो.

"सरांनी रबर पाहायला सांगितलं होतं. तेवढंच सांगेन."

"बाई, उगाच मान ठेवू नका. दाखवा."

त्यांना जावंसं वाटत नव्हतं. तीन-चार वेळा कागद गोळा केले आणि पुन्हा पसरले. शेवटी मी चिमणीला खाली बोलावलं. ती वही तिने उभ्या उभ्या दोनदा वाचली आणि बाईंना हाताला धरून वर घेऊन गेली. मीही मागोमाग गेलो, सांध्यांची साक्ष द्यायला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण हे शक्य नाही. एका रेणूचा दुसरा व्हायचा तर मधे डोंगर असतो. तो ओलांडायला उष्णता लागते. इतक्या थंडीत त्याच्यात एक पाऊल वर टाकायची ताकद नाही. म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय. गळती असणारच."

"गळती इतकी शिस्तीची नसते, सर," बाई म्हणाल्या. "मी पंचवीस वर्षं गळत्या पाहतेय. थंडी-उन्हाळ्याने बदलतात, पंप बदलला की बदलतात. ही घड्याळासारखी आहे. चार अंश गरम झालं तरी तेच घड्याळ."

मग चिमणी हळूच म्हणाली, "सर, तो डोंगर चढलाच नसेल तर?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. नंतर पुन्हा बाईंच्या वहीकडे. तापमानाच्या रकान्यावरून त्यांनी बोट खाली फिरवलं. चिमणी काय म्हणतेय ते त्यांना कळायला क्षणही लागला नाही. मान्य करायला मात्र बराच वेळ लागला. मला ते नंतर समजावून सांगितलं गेलं ते असं: एका रेणूचा दुसरा होताना जागा बदलतो तो हायड्रोजनचा अणू, आणि तो इतका हलका, की कधी कधी तो डोंगर न चढता आरपार पलीकडे निघतो, बोगद्यातून निघावा तसा. बोगद्याला उष्णता लागत नाही. म्हणून थंडी कितीही असो, वेग तोच.

"खरं असेल तर जड हायड्रोजन जाणार नाही," सर म्हणाले.

हायड्रोजनचा एक दुप्पट वजनाचा भाऊ असतो. त्याला बोगदा फार जड जातो. चिमणीने तो घातलेलं द्रव्य तयार करायला घेतलं. सहा आठवडे लागले. दोनदा भांडं फुटलं. एकदा माझ्या चुकीने, ते मी कबूल करतो.

ते द्रव्य यंत्रात घालायच्या दिवशी यजमानांनी दुकान बंद ठेवलं आणि बाई सकाळपासून प्रयोगशाळेत होत्या. साडेअकराला पहिला आलेख. मग दर अर्ध्या तासाला एक. बारा, साडेबारा, एक. पीक तिथेच. दोन, तीन. केसभर हललं नाही. सर कामाच्या निमित्ताने तीनदा आत येऊन गेले. चौथ्यांदा आले ते बसलेच. पाच वाजता बाईंनी पहिला आणि शेवटचा आलेख खोलीच्या खिडकीच्या उजेडात एकावर एक धरले, तर दोन रेघांची एकच रेघ दिसत होती. चिमणी रडायला लागली. बाईंनी तिला रुमाल दिला आणि वहीत शेवटची ओळ लिहिली: पाच वाजता, फरक नाही.

सर म्हणाले, "ठीक." उठताना त्यांनी आपली खुर्ची बाईंकडे सरकवली. बाई सकाळपासून स्टुलावर होत्या.

लेख लिहिला गेला. लेखक दोन, सर आणि चिमणी. शेवटी आभारांच्या यादीत बाईंचा उल्लेख होता, पंपांची देखभाल केल्याबद्दल. चिमणीला ते पटलं नाही. तिने सरांशी वाद घातला. सर म्हणाले, आपल्याकडे तसा रिवाज नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आभार चालतील." मला ते खरं वाटलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही ताडणं कोणालाच कधी जमलं नव्हतं.

दोन महिन्यांनी लेख तपासणाऱ्यांचं उत्तर आलं. काम उत्तम आहे, पण एक शंका आहे. तुम्ही पाहण्यासाठी जे किरण सोडता, त्या किरणांनीच तर रेणू बदलत नसेल? किरण बंद असतानाही उतार तोच आहे, हे दाखवा. नाहीतर लेख घेता येणार नाही. सर हादरले. पुन्हा द्रव्य करा, पुन्हा महिनाभर मोजा. आणि निवृत्ती तोंडावर आलेली.

चिमणी धावत बाईंकडे गेली. बाई खिडकी घासत होत्या. त्यांनी हातातलं काम संपवलं, हातमोजे काढले आणि वही पुढे केली. घरी जायच्या त्या प्रत्येक दिवसापुढे लिहिलं होतं: अकरा पन्नास, झडप बंद, काचेवर फडकं. एक पस्तीस, झडप उघडली. घरी न गेलेल्या दिवसांपुढे: झडप उघडी, दर दहा मिनिटांनी आलेख. किरण चालू असतानाचे दिवस आणि बंद असतानाचे दिवस, दोन्ही आधीच मोजून ठेवलेले. उतार एकच. नवीन काही करायचं उरलंच नव्हतं.

"झडप का बंद करायच्या तुम्ही?" सरांनी विचारलं.

"आपण नाही तर किरण कशाला खिडकीवर? नुसते विनाकारण."

सर वही घेऊन आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाईंच्या टेबलाशी आले. हातात लेखाचं पहिलं पान होतं.

"बाई, तुमचं पूर्ण नाव काय?"

"मस्टरवर आहे की, सर. पंचवीस वर्षं."

"मस्टर क्लार्क पाहतो. मी कधी पाहिलं नाही," सर म्हणाले. मान खाली होती. "तुम्हीच लिहा. इथे, आमच्या दोघांच्या मधे."

बाईंनी लिहिलं. माहेरचं आडनाव की सासरचं, यावर क्षणभर थांबल्या, मग दोन्ही लिहिली. त्यामुळे छापताना त्यांचं नाव सगळ्यांत लांब झालं आणि ओळ मोडली. सरांनी त्यानंतर आणखी एक गोष्ट केली. सोमवारच्या बैठकीत, त्याच आठ जणांसमोर, त्यांनी सांगितलं की त्या दिवशी बाईंबद्दल आपण जे बोललो ते चूक होतं. एवढं एकच वाक्य. मग नेहमीचं कामकाज सुरू झालं. रबराची म्हण त्यानंतर मी कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

सासूबाई तोवर काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. यजमानांनी छापलेला लेख त्यांना दाखवला आणि सगळी हकिकत सांगितली.

"म्हणजे माझं हाड मोडलं म्हणून ही दुपारी घरी आली, आणि म्हणून ते दिसलं?"

"हो."

"मग माझं नाव कुठाय?"

त्यांनी तो लेख शेजारणीला दाखवला, नंतर दूधवाल्याला, नंतर तपासायला आलेल्या डॉक्टरांना. कोणालाच त्यातलं अक्षर कळलं नाही. आणखी चार वर्षांनी त्या गेल्या. तेव्हाही बाई रडल्या की नाही मला माहीत नाही. मी गेलो तेव्हा त्या दाराशी उभ्या होत्या आणि आलेल्यांना आत कुठे बसायचं ते सांगत होत्या. पण त्यानंतर दोन महिने त्यांनी दुपारी घरी जायच्या सवयीने बाराच्या ठोक्याला सायकल काढली आणि फाटकापाशी जाऊन परत आणली. असं दोन-तीनदा मी स्वतः पाहिलं. विचारलं नाही.

सर निवृत्त झाले. नव्या सरांना वेगळ्या विषयात रस होता, ते यंत्र कोपऱ्यात गेलं. बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या तेव्हा शेवटची तीन वर्षं त्या स्टोअरमध्ये बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. चिमणी दुसऱ्या शहरात प्राध्यापक झाली. तिने आपली प्रयोगशाळा उभारली तेव्हा बाईंना पंधरा दिवस बोलावून नेलं आणि तिथल्या दोघांना खिडक्या घासायला शिकवायला लावलं. यजमानही बरोबर गेले होते. तिथला थंडी करणारा पंप पाहून ते म्हणाले, आता मी धंदा बंद करतो.

गेल्या वर्षी चिमणीचं पत्र आलं. दूरच्या एका देशात, कोणा अनोळखी लोकांनी नव्या यंत्रावर तोच प्रयोग पुन्हा केला होता. त्यांना पीक निम्मं व्हायला लागला एक तास अडतीस मिनिटांचा वेळ.

मी त्या दिवशी बाईंकडे गेलो होतो. यजमानांनी विचारलं, "म्हणजे तुमचं दोन मिनिटांनी चुकलं?"

"नाही," बाई म्हणाल्या, "जुळलं." आणि त्यांनी ते पत्र यजमानांच्या हातातून घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मोठ्याने, आम्हा दोघांसाठी.